फौजदाराले वळण लागलं

१० नोव्हेंबर, रविवार

ही डायरी उत्कर्षनं जानेवारीत आणून दिली. वाशीमच्या त्याच्या ऑफिसात फुकट भेटली म्हणे. "आई, आता रिटायर झाली, लिहीत जाय काहीतरी." सारी उमर अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांची वजनं लिहिली, आता स्वतःचं काय लिहू? वर्ष संपत आलं, डायरी कोरीच. आज राग डोक्यात गेला म्हणून उघडली.

उत्कर्ष, सपना आणि साक्षी सकाळी गाडीवर आले. मी भरीत केलं होतं, साक्षीसाठी शिरा. नात गाडीवरून उतरते न उतरते तोच फौजदार शेपटी हलवत पुढे आला आणि सपनानं पोरीला खसकन उचलून घेतलं. साक्षीच्या मानेवर रुपयाएवढं गोल चकंदळ उठलंय. लाल, कडेनं पापुद्रे.

उत्कर्ष म्हणे, "आई, त्या कुत्र्याले खरूज झाली. पाह्य कसं दिसून राह्यलं. साक्षीले त्याच्यापासूनच लागलं."

आमचे हे म्हणजे पुंजाजी खाटेवरूनच ओरडले, "फौजदार नऊ वर्षांचा झाला. आजवर कोणाले काही लागलं नाई, आताच कायले लागन?"

"बाबा, ते कुत्रं दारात हाय तोवर मी साक्षीले इथं आणत नाई. सांगून ठेवतो." एवढं बोलताना उत्कर्ष पट्ट्यापाशी कराकरा खाजवत होता. नवीन पँट टोचते म्हणे. असे कसे कपडे घेता बाप्पा, पैसे देऊन टोचून घ्यायचं!

न जेवता गेले. शिरा मी एकटीनं खाल्ला, रागानं. चांगला झाला होता.

कुत्र्याची बाजू घ्यावी म्हणून नाही, पण खरं ते लिहिते. त्याला उलट आत्ता कुठे वळण लागलंय. आधी उत्कर्षची गाडी आली की पाय वर करून पहिलं चाकावरच. उत्कर्ष शिव्या द्यायचा. पोळ्यापासून पाहते, तो कोपऱ्यात जाऊन मादीसारखा खाली बसून करतो. चाकाकडे पाहतसुद्धा नाही. नऊ वर्षांनी का होईना, अक्कल आली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज उन्हात फौजदाराला नीट पाहिलं. दोन्ही कुशींवरचे केस गेलेत, मांड्यांच्या मागचे गेलेत, गळ्याभोवतीचे गेलेत. डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढेच. न्हाव्यानं मापात भादरावं तसं. डोकं आणि पाय मात्र तांबडेच्या तांबडे, आधीसारखे. आतली कातडी काळी पडलीय, तव्याच्या बुडासारखी. थानंही सुजल्यासारखी दिसतात. नराला थानं सुजायचं काय कारण? लोळला असेल कुठे घाणीत.

एक नवल आहे. खरूज झालेलं कुत्रं खाजवून खाजवून भिंती झिजवतं. हा एकदाही खाजवत नाही. माणसांसमोर खाजवायचं नाही एवढी समज आली असेल. वळण लागलं म्हटलं ना.

शेजारचा बाबूलाल आला होता. त्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे, रिसोडच्या मोंढ्यात माल नेतो आणि गावाला फुकट सल्ला देतो. "काकू, जळकं ऑइल अना गंधक. दोन दिसात खरूज गायब. माह्या गाडीचं काढलेलं डबाभर पडून हाय."

ह्यांनी लगेच डबा आणून कुत्र्याला माखून काढलं. सारं अंगण गॅरेजसारखं घाण मारतंय. ह्यांचं धोतर तर आता दिवाबत्तीच्याच कामाचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

रविवार असून कोणी आलं नाही. मोटारसायकल वाजली की मी उठायची, तर दुसऱ्याचीच.

फौजदारानं अंग चाटचाटून ते ऑइल पोटात घेतलं आणि परवापासून ओकतोय. मी कोमट पाणी आणि कपड्याचा साबण घेऊन बसले, ह्यांनी डोकं धरलं. धुताना काळं पाणी निघत होतं. "बाबूलालचं ऐकून राह्यले तुमी! उद्या तो म्हणन ग्रीस खा, तर खासान?" हे कुत्र्याच्या कानातला साबण पदराच्या टोकानं पुसत होते, माझ्या पदराच्या.

आणखी एक तऱ्हा. गावातले सारे कुत्रे आमच्या दारात मुक्कामाला आलेत. फौजदार बाहेर निघाला की मागेमागे हुंगत फिरतात. आधी त्याच्या एका गुरगुरण्यावर पळणारे, आता त्याच्या अंगावर चढायला पाहतात. हा बिचारा शेपटी आत घालून भिंतीला चिकटतो.

हे म्हणे, "मानतात त्याले. फौजदार हाय तो."

असं मानणं मी तरी कुठे पाहिलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

साक्षीचा व्हिडिओ कॉल आला. मानेवरचं एकाचं तीन झालंय. इथे येऊन तिला पंधरवडा झाला, कुत्र्याला शिवलीही नाही, तरी वाढतंय कसं? मी विचारलं तर उत्कर्ष म्हणे, "जंतू असतात आई, हवेत." मागून सपनाचा आवाज आला, "तुमचा टॉवेल वेगळा ठेवा म्हटलं ना!" पुढे फोन कापला.

कापायच्या आधी पोरगी म्हणाली, "आजी, फौजदार गेला का? गेला की मी येते."

रात्रीपर्यंत तेच डोक्यात. काय करू? कुत्रं ते कुत्रं. नातीपेक्षा मोठं नाही. मी मनाशी ठरवलं आणि बाबूलालला सांगितलं. तो मंगळवारी, म्हणजे येत्या तीन तारखेला, हळद घेऊन मेडशीकडे जातो. तिकडे धाब्यापाशी सोडून देईल. धाब्यावर खायला भेटतं. भुका मरणार नाही.

ह्यांना सांगितलं. भांडतील म्हणून मी पदर खोचून तयार होते. भांडले नाहीत. "बरं" म्हणाले आणि आपल्या ताटातली अर्धी भाकर घेऊन बाहेर गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते सारं लिहिते. लिहायला लाज वाटते, पण अंगणवाडीत लाजून चाललं नाही, इथेही चालणार नाही.

समाजमंदिरापुढे बकऱ्यांना लस टोचायला रिसोडच्या गुरांच्या दवाखान्यातल्या मंजू मॅडम आल्या होत्या. तांड्यावरची पोर, नुकतीच डॉक्टर झाली, पण बोलणं चाबकासारखं. सारं गाव बकऱ्या घेऊन जमलं होतं. आमच्या चार मी धरल्या. फौजदार ह्यांच्या मागे आला आणि त्याच्या मागे त्याची वरात, पाच-सहा कुत्रे. त्यातला एक भर सभेत फौजदारावर चढला. पोरं किंचाळली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मॅडम हसल्या नाहीत. सिरिंज खाली ठेवली आणि फौजदाराजवळ बसल्या. कुशी चाचपली, थानं पाहिली.

"आजी, हे खाजवते का?"

"नाई."

"लघवी कशी करते? पाय वर करून?"

"नाई नाई, आता बसूनच करते. वळण लागलं त्याले," मी कौतुकानं सांगितलं. आता आठवून कान गरम होतात.

मॅडमनं मागून हात घालून पाहिलं. "काका, याले एकच हाय का?"

झालं! हे छाती काढून पुढे आले. "एकच! म्हणून तर निवडला म्या त्याले. आमच्या घरची रीतच हाय. वेताची सारी पिल्लं गोणपाटावर उताणी टाकाची अना एकांड्या नर असन तोच उचलाचा. माह्या बापानं शिकवलं. दोनवाला गावभर भटकते, एकवाला दार सोडत नाई. पाहा, नऊ वर्षांत एक रात्र बाहेर राह्यला नाई."

सारं गाव हसलं. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "मंग दुसरं कुठं गेलं, काका?"

"गेलं कुठं म्हणजे? नाईच ना ते."

"असते. सगळ्याईले दोनच असतात. एखाद्याचं एक खाली उतरतच नाई, पोटात राहून जाते. वरून कळत नाई. अना पोटातलं ते म्हातारपणी बिघडते. त्याची गाठ होते. ती गाठ मादीचं हार्मोन सोडते. म्हणून केस झडले, थानं सुजली, बसून लघवी, अना म्हणून हे सारे नर मागं. ही खरूज नाई, काका. कोणाले लागत नाई. रोग पोटात हाय, कातडी फक्त सांगून राह्यली."

"गाठ म्हणजे?" मी विचारलं.

मॅडमनं आवाज न उतरवता सांगितलं, "कॅन्सरची."

आमच्याकडे तो शब्द आला की माणसं आवाज खाली करतात. हसणं एकदम थांबलं. बकऱ्याच काय त्या ओरडत होत्या.

ह्यांचा चेहरा मला पाहवला नाही. उभे होते तिथेच खाली बसले, धुळीत, कुत्र्याच्या शेजारी. "म्हणजे म्या रोगच निवडून आणला?"

मॅडमनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आतलं तुमाले काय दिसते? गाठ काढता येते. बहुतेक कुत्री बरी होतात. फक्त छातीत पसरली नसली पाह्यजे अना अंगातलं रक्त कमी झालेलं नसलं पाह्यजे. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात मी फोन करते. उशीर करू नका."

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळीच बाबूलाल दारात आला, हॉर्न वाजवला. काल तो रिसोडला होता, त्याला काही माहीत नाही. दोरी हातात घेऊन म्हणे, "काकू, मेडशीच्या अलीकडे सोडू का पलीकडे?"

"अकोल्याले," मी म्हटलं. "अना आमालेबी घे संगं."

हळदीच्या पोत्यांवर हे आणि फौजदार, पुढे मी. मेडशी आली. धाबा दिसला. मी मान दुसरीकडे फिरवली. मागच्या काचेतून पाहिलं तर हे फौजदाराच्या अंगावर आपला दुपट्टा टाकून बसले होते, वाऱ्यानं त्या उघड्या कातडीला थंडी वाजेल म्हणून. याच जागी मी त्याला उतरवणार होते.

दवाखान्यात पोटाची सोनोग्राफी झाली. पोटात लिंबाएवढं काहीतरी. छातीचा फोटो साफ निघाला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरून "इथं काही नाई" म्हटलं तेव्हा ह्यांनी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पण रक्तात खोट निघाली. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी आहेत. त्या हार्मोननं हाडातलं रक्त बनणंच मंदावतं म्हणे. "ऑपरेशन करावंच लागेल, पण रक्त थांबलं नाही तर हातून जाऊ शकतो. सोमवारी घेऊन या."

येताना बाबूलाल पातूरच्या घाटात म्हणाला, "काकू, ते ऑइल म्याच देल्लं ना."

"देल्लं. अना आमी लावलं. आता समोर पाहून गाडी चालव."

६ डिसेंबर, शुक्रवार

विहारात सकाळी वंदना झाली. संध्याकाळी मेणबत्त्या. गावातल्या बायांनी येऊन येऊन फौजदाराचं विचारलं. सोमवारी हसणाऱ्याच त्या. एकीनं दूध दिलं त्याच्यासाठी. उत्कर्षला फोनवर सांगितलं, खरूज नाही, कोणाला लागत नाही. तो म्हणे, "मंग साक्षीले कशापासून झालं?" मला काय माहीत! मी काय डॉक्टर आहे?

हे जेवत नाहीत. मी ताट आदळलं. "तुमी उपाशी राहून त्याच्या पेशी वाढतात का?" तर म्हणाले, "लिले, सहा पिल्लं होती त्या गोणपाटावर. चांगली धडधाकट पाच सोडून म्या यालेच उचललं."

"अना त्या पाचाईतलं आज एक तरी जित्तं हाय का?" मी विचारलं. "रोडवर मेले, नाई तर बिबट्यानं नेले. हा नऊ वर्षं तुमच्या खाटेखाली झोपला." ह्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

९ डिसेंबर, सोमवार

अकोला. दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहिते. डायरी मुद्दाम आणली, हाताला काम पाहिजे.

आत नेलं तेव्हा फौजदारानं मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "जाय, मी इथंच हाय." फौजदार गेला. इतका ऐकतो. मला रडू आलं, मी ते रडून घेतलं. बाबूलाल चहा आणायला गेला तो अजून आला नाही, गाडीत बसून डोळे पुसत असेल.

मला कुत्र्याचं काही नाही असं मी गावभर सांगत आले. खोटं आहे. मला तो पाहिजे. साक्षीही पाहिजे आणि तोही पाहिजे.

नंतर. निघाली! डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला. रक्त थोडं जास्त गेलं, पण थांबलं. गाठ अख्खी निघाली, आजूबाजूला काही चिकटलेलं दिसलं नाही. तुकडा तपासायला पाठवलाय. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी बाबूलालला मिठी मारली. बाबूलालच्या हातातला चहा दोघांच्या अंगावर सांडला.

११ डिसेंबर, बुधवार

घरी. फौजदार मलूल आहे, पण सकाळी ह्यांच्या हातून दूधभाकर खाल्ली. ह्यांनीही खाल्ली, त्याच वाटीतली उरलेली. किळस नाही की काही नाही!

२७ डिसेंबर, शुक्रवार

मंजू मॅडमचा फोन. अकोल्याहून रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण गाठीबाहेर गेलेला नव्हता. रक्तही पुन्हा तपासलं, पेशी वाढायला लागल्यात. "आजी, आता काही नाई. केसाईले दोन-तीन महिने लागतीन. घाई करू नका, अना ऑइल लावू नका!"

हे फोनजवळ कान लावून होते. ऐकलं आणि बाहेर जाऊन बकऱ्यांना चारा टाकला. मघाच टाकला होता, पुन्हा टाकला.

१९ जानेवारी, रविवार

नवी डायरी आली नाही, जुनीचीच मागची कोरी पानं वापरते. आजकाल एकही कुत्रं आमच्या दारात मुक्कामाला नाही. एक चुकून आलं तर फौजदार गुरगुरला. बारीक आवाजात, पण गुरगुरला. हे मला हाक मारून सांगायला आले, जणू नातवाचा पहिला शब्द ऐकला.

सपनाचा फोन होता. शेवटी साक्षीला वाशीमला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. गजकर्ण. घरातल्याच कोणाचं तरी लागलं म्हणे. सपना म्हणाली, "आई, डॉक्टरनं मलमाच्या दोन ट्यूबा लिहून देल्ल्या. एक साक्षीची अना एक यांची. कमरेले केवढं होतं, दिवाळीपासून घामोळं हाय म्हणत लपवून राह्यले होते."

म्हणजे ती टोचणारी पँट! मी इतकी हसले की हे धावत आले. मग राग आला. आणि मग पुन्हा हसले. उत्कर्षला फोन द्यायला सांगितलं तर तो अंघोळीला गेला होता. असू दे, कुठे जाईल पळून?

२३ फेब्रुवारी, रविवार

कुशींवर लव आलीय. उलटा हात फिरवला तर मऊ लागते, चोखलेल्या आंब्याच्या कोयीवरच्या धाग्यांसारखी. हे दिवसातून दहादा हात फिरवतात. "अवो, झिजन ना ते," मी म्हणते.

बाबूलालच्या कुत्रीची पिल्लं दोन महिन्यांची झालीत. ह्यांना पाहायला बोलावलं. गावचे जाणते ना हे! मी कुंपणावरून पाहत होते. गोणपाट अंथरलं, एकेक पिल्लू उताणं केलं, सवयीनं. "एक... दोन. हां, चांगलं हाय. हे... एक, दोन. हेबी चांगलं." एक निघालं ज्याचं एकच होतं. त्याला हातात घेऊन बराच वेळ बसले. मला वाटलं झालं, आता हे घरी येणार. पण बाबूलालला म्हणाले, "याले पाळ, फेकू नको. फक्त वर्षाचं झालं की मंजू मॅडमले दाखव. पोटातलं काढून घे म्हणा." त्यांच्या बापाची रीत अशी मोडली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून ढोलताशा, निळे झेंडे, सारं गाव नवीन कपड्यात. हात दुखेस्तोवर पुऱ्या तळल्या, तरी लिहिते.

उत्कर्ष, सपना, साक्षी आले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. साक्षीची मान स्वच्छ आहे, मी खाली बसून आधी तीच पाहिली. पोरगी माझ्या हातातून सुटली आणि थेट फौजदाराकडे. तो ओट्यावर उन्हात बसला होता, सारा तांबडा, आधीपेक्षा दाट. साक्षीनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं. सपनानं या वेळी तिला उचलून घेतलं नाही. उत्कर्षनं खाली पाहिलं.

मी सोडते होय? "काय बाबा उत्कर्ष, कंबर कशी हाय? पँट टोचत नाई ना आता?"

"आई, बस ना."

"नाई, विचारून राह्यली फक्त. जंतू असतात म्हणे, हवेत."

हे खाटेवर पोट धरून हसत होते. उत्कर्षही शेवटी हसला. मग फौजदाराजवळ गेला, त्याच्या कानामागे खाजवलं आणि हळूच म्हणाला, "चुकलं रे, सायेब." लहानपणी कोणाचं काही फोडलं की असंच म्हणायचा.

फौजदार उठला. आळस दिला. रमतगमत ओट्यावरून उतरला आणि उत्कर्षच्या नव्या मोटारसायकलपाशी गेला. अंगणातले सारे तिकडेच पाहू लागले. त्यानं चाक हुंगलं. पुढून हुंगलं, मागून हुंगलं. मागचा पाय थरथरत थोडा उचलला, खाली ठेवला.

"जमन, जमन," हे पुटपुटत होते.

आणि त्यानं पाय वर केला, चांगला खांद्याएवढा, आणि त्या चाकावर मनसोक्त धार सोडली.

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत फेकली. साक्षी टाळ्या पिटत होती. बाबूलाल कुंपणापलीकडून ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" मी पदर डोळ्यांना लावला आणि अंगणातल्या चुलीवर माझी कढईतली पुरी करपली.

उत्कर्षनं शिवी दिली नाही. हापशावरून बादली भरून आणली, स्वतःच चाक धुतलं. धुता धुता म्हणाला, "आई, पाह्य, मोडलं याचं वळण."

"मोडू दे," मी म्हटलं आणि दुसरी पुरी सोडली.